सांधेबदल शस्त्रक्रियेची ॲप्स : पार्श्वभूमी

खुबा बदलण्याची आजची पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्थिरावली. तेव्हा रुग्ण कित्येक आठवडे परिचारिकांच्या नजरेखाली असे. १९९०च्या दशकात डेन्मार्कमध्ये जलद पुनर्वसनाची पद्धत आकाराला आली आणि पुढे अनेक ठिकाणी हा मुक्काम दोन-तीन दिवसांवर आला. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, व्यायाम किती, पोटरी दुखून सुजली तर कुणाला कळवायचे, हे सारे घरच्यांवर आले. आधी त्यासाठी छापील पुस्तिका होती, नंतर ॲप. २०२०मध्ये कोविडमुळे नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, फॉलोअप फोनवर गेला आणि ॲप्सनी वेग घेतला.

बहुतेक घोळ मात्र ॲपमधल्या, वेदना आणि रोजच्या हालचालींविषयी रुग्णाला विचारणाऱ्या प्रश्नावलीत होतो. ऑक्सफर्डमध्ये खुब्यासाठी १९९६ला आणि गुडघ्यासाठी १९९८ला १२-१२ प्रश्नांच्या प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, बेरीज १२ ते ६०, आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. डॉक्टरांना हे उलटे वाटे. म्हणून २००७मध्ये ० ते ४ गुणांची, ० ते ४८ बेरजेची पद्धत सुचवली गेली. आता जास्त गुण म्हणजे चांगले. बदल योग्यच होता, पण नाव तेच ठेवले ही चूक झाली. जुन्या पद्धतीतले ४० म्हणजे नव्यातले २०. ६०मधून जुने गुण वजा केले की नवे मिळतात, पण नोंद कोणत्या पद्धतीची हे सोबत साठवलेले नसेल तर सुधारणारा रुग्ण आलेखात घसरताना दिसतो. दोनपर्यंत उत्तरे राहिली तर बाकीच्यांची सरासरी भरतात. त्याहून जास्त राहिली तर बेरीज करायचीच नाही. सुटलेल्या उत्तराला शून्य धरणारे ॲप रुग्णाची अवस्था आहे त्याहून वाईट दाखवते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २००९पासून या प्रश्नावल्या शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी भरून घ्यायला सुरुवात केली. तो अवधी विचारपूर्वक ठरवलेला होता, कारण प्रश्न गेल्या चार आठवड्यांविषयी असतात. ॲपने शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच आठवड्यात ते विचारले, तर उत्तरात जुना आणि नवा गुडघा एकत्र येतात. सुरुवातीला वेदना, गुडघा किती वाकतो आणि जखमेतून स्राव येतो का एवढेच विचारावे.

गुडघे टेकून उठण्याचा प्रश्न ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या प्रश्नावलीत आहे. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याचा नाही. आपल्याकडे रुग्ण पहिल्यांदा तेच विचारतात. मराठी ॲपने हे प्रश्न शस्त्रक्रियेआधीच, स्वतंत्रपणे विचारावेत. ४८च्या बेरजेत मिसळू नयेत.