वायोमिंगमधील स्त्रियांचे समान वेतन व राजकीय प्रतिनिधित्व

वायोमिंग हे अमेरिकेच्या पश्चिमेकडील, लोकसंख्येने देशातील सर्वांत लहान राज्य. ‘समतेचे राज्य’ हे त्याचे बिरुद. मताधिकाराच्या बाबतीत ते सार्थ आहे, पगाराच्या बाबतीत मात्र नाही.

राज्याचा दर्जा 1890 मध्ये मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, 10 डिसेंबर 1869 रोजी, या प्रदेशाने स्त्रियांना मताधिकार दिला. विधेयक मांडणारे विल्यम ब्राइट हे साउथ पास सिटीतील दारूच्या गुत्त्याचे मालक. हेतू निव्वळ उदात्त नव्हता. प्रदेशात प्रौढ पुरुष बायकांच्या सुमारे सहापट होते, आणि या कायद्याने कुटुंबे वस्तीला येतील असा हिशेब होता. त्याच अधिवेशनात, पात्रता समान असेल तर शिक्षक-शिक्षिकांच्या पगारात भेद करू नये, असाही कायदा झाला. 1871 मध्ये मताधिकार रद्द करण्याचा घाट घातला गेला. गव्हर्नर जॉन कॅम्पबेल यांनी नकाराधिकार वापरला आणि तो उलथवण्याचा प्रयत्न एका मताने हुकला.

मधल्या काळात, 1870 मध्ये, एस्थर मॉरिस साउथ पास सिटीत न्यायदंडाधिकारी झाल्या. 6 सप्टेंबरला लॅरमीत सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या लुईझा स्वेन यांनी या कायद्याखालचे पहिले मत दिले. यीस्ट आणायला निघालेल्या आजीबाईंच्या हातात डबा होता म्हणतात. 1920 मध्ये जॅक्सन गावाने महापौरांसह सगळी नगरपरिषदच बायकांची निवडली. त्यात रोझ क्रॅबट्री यांनी हरवलेला उमेदवार म्हणजे त्यांचा नवराच. जानेवारी 1925 मध्ये नेली टेलो रॉस देशातील पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. पतीच्या निधनाने रिकामी झालेली ती जागा होती. पुढच्याच निवडणुकीत त्या हरल्या आणि त्यांच्यानंतरच्या शतकभरात त्या खुर्चीवर दुसरी स्त्री बसलेली नाही.

पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या वेतनातील तफावतीत वायोमिंग वर्षानुवर्षे देशातील सर्वांत वाईट राज्यांत गणले जाते. याचे मोठे कारण कामांच्या वाटणीत आहे. कोळसा, तेल, वायू आणि ट्रोना (सोडा ॲश बनवण्यासाठी लागणारे खनिज) खाणींतील भरघोस पगाराच्या नोकऱ्या बहुतांशी पुरुषांकडे आहेत, तर स्त्रिया शाळा, रुग्णालये, दुकाने आणि हॉटेलांत. खाणीतील बारा-बारा तासांच्या पाळ्या धरायच्या तर मुले सांभाळणार कोण, हा प्रश्नही बहुधा आईपुढेच येतो. 1869 च्या वेतन-कायद्याचा इथे उपयोग नाही, कारण शिक्षिकेला शिक्षकाइतका पगार मिळाला तरी खाणकामगाराचा पगार दोघांहून जास्तच असतो.

विधिमंडळातही स्त्रियांचा वाटा 2010 च्या दशकात तळाला गेला होता. अभ्यासक 1992 च्या बदलाकडे बोट दाखवतात: त्या वर्षी बहुसदस्यीय (एकाच वेळी अनेक प्रतिनिधी निवडणारे) मतदारसंघ मोडून एकसदस्यीय केले गेले, आणि एकाच जागेच्या लढतीत स्त्रियांना संधी कमी मिळते असे त्यांचे म्हणणे. संयुक्त संस्थानांच्या सिनेटवर या राज्यातून पहिली स्त्री, सिंथिया लुमिस, पोचली ती थेट 2021 मध्ये.