बर्फस्तूप उन्हात टिकतो कसा?

दर हिवाळ्यात लडाखमधल्या बर्फस्तूपांचे, म्हणजे शेतीसाठी पाणी गोठवून रचलेल्या बर्फाच्या उंच शंकूंचे, फोटो फिरू लागतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, 'पिरॅमिडच्या आकारात ऊर्जा असते, म्हणून बर्फ टिकतो.' आकारामुळे टिकतो हे खरं. पण कारण नववी-दहावीच्या भूमितीत आहे, आणि ते या असल्या 'ऊर्जे'पेक्षा कितीतरी सुंदर आहे.

लेहजवळचं फ्यांग साडेतीन हजार मीटरच्या आसपास, हिमालयाच्या पर्जन्यछायेत. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. जव, गहू, वाटाणा पेरायचा एप्रिल-मेमध्ये, आणि वरच्या हिमनद्या जोरात वितळणार जूननंतर. मधल्या दिवसांत ओढ्याला पाणी इतकं कमी, की पाळ्या लावायला गावोगावी चुरपोन नेमतात, आपल्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्यासारखा. हिवाळ्यात शेतं गोठलेली असताना मात्र तेच पाणी सिंधूला मिळून निघून जातं.

चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७पासून हे पाणी बांधांमागे थराथराने गोठवलं. पण असा पसरट बर्फ उंचावर, सावलीतच टिकतो. लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात गावाजवळ, उन्हातच, तो उभा रचला.

आता गणित करू. २० मीटर उंच, तळाची त्रिज्या १० मीटर असा शंकू घ्या. घनफळ सुमारे २,१०० घनमीटर, म्हणजे वितळल्यावर १९ लाख लिटर पाणी. तोच बर्फ अर्धा मीटर जाडीने पसरला, तर ४,२०० चौरस मीटर पृष्ठभाग उन्हात येतो. शंकूची तिरकी बाजू फक्त ७०० चौरस मीटर. शिवाय सूर्य माथ्यावर असेल तर शंकूवर पडणारं ऊन त्याच्या तळाएवढंच, ३१४ चौरस मीटरवरचं.

दुसरी मदत कोरड्या हवेची. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, पण त्याची थेट वाफ व्हायला सुमारे ६८० (याला संप्लवन म्हणतात). वाळवंटी हवेत थोडा बर्फ असा उडून जातो आणि जाताना मोठी उष्णता घेऊन उरलेल्याला गार ठेवतो.

पंप लागत नाही. नळाचं वरचं तोंड ओढ्यात, गावापेक्षा उंचावर. उंचीतल्या दर दहा मीटर फरकाला साधारण एक वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) दाब मिळतो. त्या दाबाने पाणी उभ्या नळातून चढतं, तुषार होऊन उडतं आणि उणे तापमानाच्या रात्री पडता पडता गोठतं. २०१५मध्ये फ्यांगचा स्तूप जुलैच्या सुरुवातीपर्यंत उभा होता.

याला 'कृत्रिम हिमनदी' म्हणून हिमनद्यांना पर्याय सापडल्याच्या बातम्या येतात, त्या मला पटत नाहीत. स्तूप नवं पाणी तयार करत नाही, जानेवारीतलं मे महिन्यात आणून देतो. उडवलेल्या पाण्यातला बराच भाग न गोठता वाहून जातो. प्रवाह मंदावला की नळच आतून गोठतो, आणि मग कडाक्याच्या थंडीत गावकऱ्यांनाच वर चढून तो मोकळा करावा लागतो.