फ्लाय रॉडचे वेट

फ्लाय रॉडचे वेट : फ्लाय मासेमारीच्या (तंतू-पिसांचा हलका नकली घास, म्हणजे फ्लाय, जड दोरीच्या म्हणजे लाइनच्या वजनाने फेकण्याच्या पद्धतीच्या) रॉडवर मुठीच्या जरा वर लिहिलेला क्रमांक. रॉड कोणत्या वजनाच्या लाइनसाठी घडवला आहे, एवढेच तो सांगतो. रॉडचे स्वतःचे वजन किंवा किती किलोचा मासा झेपेल, यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. या दोन गैरसमजांपायी मोठ्या माशांसाठी पहिला रॉड घेणारे अनेकदा गरजेपेक्षा दोन अंक वरचा रॉड घेऊन बसतात. प्रचलित क्रमांक १ ते १५ असून मोठ्या माशांचा विचार साधारणतः ७ पासून सुरू होतो.

क्रमांकांचे मूळ : रेशमी लाइनच्या काळात वजन मोजण्याची गरज पडत नसे; जाडीवरून ते कळे. म्हणून अक्षरपद्धती रूढ होती. ‘ए’ म्हणजे ०.०६० इंच (सु. १.५ मिमी.) आणि पुढचे प्रत्येक अक्षर ०.००५ इंचाने बारीक, असे ‘एच’पर्यंत (०.०२५ इंच). ‘एच-सी-एच’ म्हणजे दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये ०.०५० इंच जाड अशी लाइन. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पाठोपाठ प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या लाइन आल्या, तेव्हा ही पद्धत कोलमडली. नायलॉन रेशमापेक्षा हलके आणि बुडणाऱ्या लाइनचा लेप जड, त्यामुळे एकाच जाडीच्या दोन लाइनच्या वजनात मोठी तफावत पडू लागली. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने (आफ्टमा) वजनावर आधारलेले क्रमांक स्वीकारले. जुन्या अक्षरांचे नव्या क्रमांकांत रूपांतर करणारे तक्ते मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. ‘जी-ए-एफ’ लाइन काही तक्ते ८ धरतात, तर काही ९. रेशमाचे वजन विणीनुसार आणि त्यात मुरलेल्या तेलानुसार बदलत असल्याने असे तक्ते अंदाजापुरतेच वापरणे बरे.

आफ्टमाच्या या प्रमाणात लाइनचे पहिले ३० फूट (९.१४ मी.) मोजले जातात, अगदी टोकाचा एकसारख्या जाडीचा तुकडा धरत नाहीत. एकक ग्रेन (०.०६४८ ग्रॅम). ५ क्रमांकाला १४० ग्रेन, ६ ला १६०, ७ ला १८५, ८ ला २१० (१३.६ ग्रॅम), ९ ला २४०, १० ला २८० (१८.१ ग्रॅम), १२ ला ३८० (२४.६ ग्रॅम). ८ क्रमांकाला अधिक-उणे ८ ग्रेनची सूट आहे. पायऱ्या सारख्या नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे : ५ वरून ६ वर जाताना २० ग्रेन वाढतात, तर ९ वरून १० वर जाताना ४०. त्यामुळे वरच्या क्रमांकांत एका अंकाची चूक हाताला जास्त जाणवते.

प्रमाण लाइनला आहे, रॉडला नाही. रॉडवरचा अंक म्हणजे उत्पादकाचे मत. हे मत मोजता यावे म्हणून विल्यम हॅनेमन यांनी अमेरिकन एका सेंटच्या नाण्यांची (प्रत्येकी २.५ ग्रॅम) पद्धत मांडली. रॉडची मूठ आडवी घट्ट धरवून टोकाला पिशवी टांगायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश खाली येईपर्यंत नाणी घालायची. नाण्यांच्या संख्येवरून रॉडचा ‘खरा’ क्रमांक निघतो. टोक किती वेगाने सरळ होते हे या स्थिर चाचणीत उमटत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरी दोन स्वस्त रॉडची आपसात तुलना करायला ती पुरेशी ठरते.

मोठ्या माशांसाठी निवड : क्रमांक आधी फ्लायवरून आणि वाऱ्यावरून ठरवावा, माशावरून नंतर. मोठे मासे मोठा घास घेतात, म्हणून फ्लाय मोठी. ती हवेला अडते, भिजली की जड होते आणि तिला उलटवून पुढे नेण्याएवढे वजन लाइनमध्ये असावे लागते. २ किंवा १/० आकाराच्या गळापर्यंतच्या फ्लाय ८ क्रमांकाचा रॉड नीट फेकतो. २/० ते ४/० वर ९–१० (‘/०’ च्या आधीचा अंक जितका मोठा, तितका गळ मोठा). त्याहून अवजड फ्लाय आणि मोठे टार्पन मासे यांच्यासाठी ११–१२. बोनफिश, बास, पाइक, बहुतेक नद्यांतले महसीर, एकहाती रॉडवरचा सॅमन एवढा पल्ला ९ फुटी ८ क्रमांकात बसतो. पैसा एकाच रॉडपुरता असेल तर तोच घ्यावा. ५ क्रमांकाचा रॉड आधीपासून असेल तर ६ किंवा ७ घेऊन फारसे काही साधत नाही. फ्लाय कृत्रिम तंतूंची असली की पाणी धरत नाही, त्यामुळे लांबीने मोठी फ्लायही एक अंक खालच्या रॉडवर निभावते. यात नवा रॉड घेण्याचा खर्च वाचतो.

मासा दमवण्याचा भाग लोक समजतात त्यापेक्षा क्रमांकावर कमी अवलंबून असतो. सर्वांत कमजोर दुवा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा. आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या नियमांतही फ्लाय टिपेटचा सर्वांत वरचा वर्ग १० किलोचा (२० पौंड) आहे. रॉड उभा धरून ओढले तर टोक वाकते आणि ताण नावापुरताच पडतो; दोरी ताणकाट्याला बांधून ओढून पाहिल्यास आकडा थक्क व्हावे इतका कमी भरतो. रॉड ४५ अंशांच्या आत आणि बाजूला झुकवून धरला की बुंधा काम करतो. मासा पायाशी आला असताना रॉड सरळ आकाशाकडे उचलणे हे रॉड मोडण्याचे नेहमीचे कारण असून, त्याबाबत महागडा आणि स्वस्त रॉड सारखेच दुबळे.

खर्चाची वाटणी : आधी लाइन, मग रॉड, शेवटी रीळ. साधा रॉड चांगल्या लाइनने सुधारतो; उलटे होत नाही. हलक्या प्रतीच्या लाइनचा लेप लवकर तडकतो आणि तिच्या वेटोळ्या सुटत नाहीत. लांब धाव घेणारे बोनफिशसारखे मासे असतील तर मात्र रिळाच्या ब्रेकवर खर्च अटळ. पाइक फार धावत नाही, त्याला साधे रीळ चालते. ८ क्रमांकासाठी रिळावर लाइनखाली २० पौंडी डॅक्रॉन बॅकिंग (मासा लांब धावल्यास पुरणारी जादा बारीक दोरी) १५०–१८० मी. मावावे; १० च्या पुढे ३० पौंडी.

आजच्या अनेक लाइन प्रमाणापेक्षा अर्धा ते एक अंक जड असतात. ८ लिहिलेल्या लाइनचे ३० फूट २३० ग्रेन भरणे नवलाचे नाही. खोक्यावरचा ग्रेनचा आकडा वाचावा. नसल्यास पहिले ९.१४ मी. वेटोळे करून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावे. उरलेली लाइन शेजारी त्याच उंचीवर असावी, नाहीतर ती काट्यावरचा भाग ओढते. कडक रॉड जवळच्या फेकीत वाकत नसेल तर जड लाइन उपयोगी पडते. ४५–५० फूट लाइन हवेत ठेवणाऱ्याने मात्र ती टाळावी, कारण ३० फुटांपुढचे वजनही रॉडवरच येते.

दोनहाती रॉडचे अंक वेगळ्या मापाचे आहेत. तेथील ८ ची लाइन एकहाती ८ च्या दुपटीहून जड असते. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली अशी लाइन एकहाती रॉडवर निरुपयोगी.

वापरलेला रॉड : ग्रॅफाइट रॉड १९७३ पासून बाजारात असल्याने जुना माल भरपूर फिरतो. एकूण लांबी मोजावी. ९ फुटी रॉड २७४ सेंमी. भरला पाहिजे. टोकाचा तुकडा इतरांपेक्षा काही सेंमी. आखूड असेल तर तो मोडून टोकाला नवी कडी (लाइन जिच्यातून जाते ती) बसवलेली असते आणि रॉड मुळापेक्षा कडक झालेला असतो. कड्यांतून कापूस फिरवावा; तंतू अडकले तर तेथे चर पडली आहे आणि ती नवी लाइन कापील. जड धातूचे डोळे लावलेल्या फ्लायने बसलेले बारीक टोले प्रकाशात तिरके धरूनच दिसतात. रॉड पुढे तिथेच तुटतो. जोड बसवून रॉड हलवावा. टक्‌टक् आवाज आला तर जोड झिजला आहे. ८ आणि वरच्या रॉडला मुठीखाली पोटाशी टेकवायची छोटी मूठ असावी. खाऱ्या पाण्यासाठी रिळाची बैठक ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची पाहावी. साध्या धातूची चकती गंजून अडकते.