बाजू बदलली की चिन्ह बदलते: एका नियमाची पार्श्वभूमी

आमच्याकडे आठवीच्या वर्गात समीकरण सोडवायला घेतले, की दुसऱ्याच पायरीला एखादे पोट्टे विचारते, "सर, चिन्ह काऊन बदलते?" उत्तर ठरलेले: बाजू बदलली की चिन्ह बदलते.

बाराव्या शतकातल्या आपल्या बीजगणितात हे उत्तर सापडत नाही. तिथे अज्ञात संख्या म्हणजे 'यावत्तावत्', लिहिताना नुसते 'या', आणि ज्ञात संख्या म्हणजे 'रूप'. दोन पक्ष, म्हणजे समीकरणाच्या दोन बाजू, एकाखाली एक मांडायचे, एकातले अव्यक्त (अज्ञात) दुसऱ्यातून आणि दुसऱ्यातले रूप पहिल्यातून वजा करायचे. याला 'समशोधन' म्हणत. दोन्हींकडून सारखेच काढा, इतकाच त्याचा अर्थ. पलीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता, पक्ष वर-खाली होते. बरोबरचे चिन्ह युरोपात 1557 साली छापले गेले. त्या मांडणीत पक्ष डावे-उजवे झाले आणि शिकवताना 'पक्षांतर' हा शब्द रुळला. माझ्या मते घोळ या शब्दाने घातला. संख्या कुठे जात नाही, आपण दोन्ही बाजूंना एकच क्रिया करतो.

एक उदाहरण घ्या. दुसऱ्या वेचणीत पहिलीच्या दुपटीपेक्षा 3 क्विंटल कमी कापूस निघाला, दोन्ही मिळून 15 क्विंटल. पहिली वेचणी क्ष मानू.

क्ष + 2क्ष − 3 = 15
3क्ष = 18

इथवर बहुतेक मुले येतात. पुढे '3 पलीकडे, चिन्ह बदला' म्हणून कोणी 18 मधून 3 वजा करते, कोणी −3 ने भागून क्ष = −6 लिहिते. उणे सहा क्विंटल कापूस! दोन्ही बाजूंना 3 ने भागायचे हे ज्याला सांगितलेच नाही, त्याचा यात काय दोष? क्ष = 6, दुसरी वेचणी 9, बेरीज 15. हा पडताळा वहीत क्वचितच दिसतो.

शाब्दिक उदाहरणांचा त्रासही पूर्वी वेगळा होता. रुपयाचे 16 आणे, मणाचे 40 शेर. निम्मी मेहनत रूपांतरात जायची. 1957 ला दशमान नाणी आली, 1958 पासून किलोग्रॅम येऊ लागले. रूपांतर सुटले, भाषा अडू लागली. 'दुपटीपेक्षा 3 ने कमी' हे 3 − 2क्ष की 2क्ष − 3, यावर मी अख्खी तासिका घालवलेली आहे. परीक्षेत पायरीला गुण मिळू लागल्यापासून 'मानू' आणि 'दिलेल्या अटीनुसार' हे शब्द पाठ होतात, पण अट वाचली जात नाही.

2016 च्या सहावीच्या पुस्तकात समीकरण तराजूने समजावले आहे. निर्णय योग्य होता, पण आठवीपर्यंत शिकवणीतली युक्ती त्याच्यावर चढून बसते. शिवाय दोन पारड्यांचा तराजू आता मुलांच्या पाहण्यात फारसा नाही. त्यांनी पाहिलेला असतो तो जिनिंगवरचा, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यावरचा, वजनकाटा. म्हणून मी काट्याच्या पावतीपासून सुरुवात करतो. भरली गाडी 2350 किलो, रिकामी 1150.

गाडी + कापूस = 2350

दोन्हींकडून गाडीचे 1150 वजा केले, राहिला 1200 किलो कापूस. इथे चिन्ह काऊन बदलले, असे अजून एकाही पोट्ट्याने विचारलेले नाही.