ब्लेंड आणि सिंगल ओरिजिन: कॉफीच्या पाकिटावरचे नाव नेमके कशाचे असते?

अख्ख्या दाण्यांच्या कॉफीच्या एका पाकिटावर ‘इथिओपिया, यिर्गाचेफे’ असे छापलेले असते आणि शेजारच्या पाकिटावर नुसते ‘हाउस ब्लेंड’. पहिली कॉफी सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच ठिकाणची, आणि दुसरी अनेक ठिकाणचे दाणे एकत्र करून केलेली, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. गोंधळ सुरू होतो तो त्यानंतर. एकाच ठिकाणची ती अस्सल आणि ब्लेंड म्हणजे सभ्य शब्दांतली भेसळ, अशी एक समजूत आहे. ‘१०० टक्के अरेबिका’ लिहिले आहे म्हणजे दाणे एकाच मुलखातले असणार, अशी दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. सिंगल ओरिजिनचे पाकीट ग्राहकाला जागेचा शब्द देते आणि ब्लेंडचे पाकीट चवीचा; बाकीचे बरेचसे फरक यातूनच निघतात.

‘एकच ठिकाण’ हा शब्दप्रयोग वाटतो तेवढा काटेकोर नाही. ते ठिकाण म्हणजे एखादा मळा असू शकतो, एखादा जिल्हा असू शकतो किंवा अख्खा देशही. इथिओपियात शेकडो लहान शेतकरी आपली पिकलेली फळे एकाच धुलाई केंद्रावर आणून घालतात, आणि तिथे ती एकत्र होऊनच बाहेर पडतात. म्हणजे ज्या कॉफीला आपण एका जागेची म्हणतो, तीही अनेक शेतांचे मिश्रण असतेच. ‘केनिया एए’ या नावातील ‘एए’ ही अक्षरे जागा सांगत नाहीत, ती दाण्याच्या आकाराची प्रत आहे. कोलंबियाच्या ‘सुप्रीमो’चेही तसेच.

ब्लेंड करणारा उलट्या बाजूने विचार करतो. कपात काय यावे हे तो आधी ठरवतो आणि मग त्यासाठी दाणे शोधतो. सालीसकट उन्हात वाळवलेली ब्राझीलची कॉफी कमी आंबट, गोडसर आणि शेंगदाण्या-कोकोच्या वळणाची असते, म्हणून ती पुष्कळदा पाया म्हणून घेतली जाते. कोलंबिया किंवा ग्वाटेमालाच्या धुतलेल्या, म्हणजे साल-गर काढून धुऊन मग वाळवलेल्या, कॉफीने तिच्यात तरतरीत आंबटपणा येतो, आणि इथिओपियाची कॉफी फुलांचा किंवा फळांचा गंध आणते. सुमात्रात दाणे पुरते वाळण्याआधीच त्यांचे टरफल काढतात. ‘गिलिंग बासा’ नावाच्या या पद्धतीमुळे तिथल्या कॉफीला जो जडपणा आणि मातीसारखा वास येतो, तो ब्लेंडला भार देण्यासाठी उपयोगी पडतो.

आता हे दाणे वर्षभर सारखे मिळत नाहीत. ब्राझीलचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो, इथिओपियाचा ऑक्टोबर ते जानेवारी, तर कोलंबियाच्या बऱ्याच भागांत वर्षातून दोनदा तोडणी होते. कच्चा हिरवा दाणाही साठवणीत हळूहळू फिका पडतो. त्यामुळे सिंगल ओरिजिन हंगामाबरोबर येते आणि संपते, आणि पुढच्या वर्षीची चव तीच राहील याची खात्री कोणी देत नाही. ब्लेंडवाल्याला ती मुभा नसते. एक दाणा संपला की त्याच वळणाचा दुसरा शोधून प्रमाण पुन्हा जुळवावे लागते. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यातील कॉफीची झाडे हिमतुषाराने जळाली आणि जगभर कॉफीचे भाव भडकले. अशा वेळी एकाच मुलखावर अवलंबून असलेल्याची जी अडचण होते, ती अनेक ठिकाणांहून माल घेणाऱ्याची तितकी होत नाही. माझ्या मते, चव वर्षानुवर्षे सारखी राखणे हे काम एक उत्तम लॉट, म्हणजे एकत्र विकला जाणारा मालाचा साठा, निवडण्यापेक्षा कमी कौशल्याचे नाही. फक्त ते दिसत नाही, एवढेच.

नाव तेच आणि दाणे वेगळे, याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे मोका-जावा. येमेनमधील मोखा बंदरातून निघणारी कॉफी आणि डचांनी जावा बेटावर लावलेली कॉफी यांचे हे मिश्रण जगातील पहिले ब्लेंड मानले जाते. (मोका म्हणजे चॉकलेट घातलेली कॉफी, हा अर्थ नंतरचा.) पुढे मोखा बंदराचा व्यापार एडन आणि होदेदाकडे गेला, तरी ब्लेंडचे नाव टिकले, आज त्याच नावाखाली येमेनऐवजी इथिओपियाचे आणि जावाऐवजी सुमात्राचे दाणे सर्रास मिळतात. नाव वाचून दाण्यांचा पत्ता काढू पाहणारा इथे हमखास चुकतो.

अरेबिका आणि रोबस्टा या तर कॉफीच्या दोन प्रजाती आहेत. त्यांचा गावाशी संबंध नाही. ब्राझील, इथिओपिया आणि कोलंबियाचे दाणे मिसळून केलेले ब्लेंडही ‘१०० टक्के अरेबिका’ असू शकते, आणि व्हिएतनामची निव्वळ रोबस्टा ही सिंगल ओरिजिन. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि एस्प्रेसोवर येणारा फेसाचा थर तिच्यामुळे जाड होतो. म्हणूनच एस्प्रेसोच्या अनेक ब्लेंडमध्ये ती मुद्दाम घातलेली असते, केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ‘इटालियन रोस्ट’ किंवा ‘फ्रेंच रोस्ट’ हे शब्दही ठिकाण सांगत नाहीत. दाणा किती काळा भाजला आहे, एवढेच त्यांवरून कळते.

दळलेल्या कॉफीत हे सगळे झाकले जाते, अख्ख्या दाण्यांत थोडेफार दिसते. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरावेत. अरेबिकाचा दाणा लांबट असतो आणि त्याच्या मधली चीर वळणदार. रोबस्टाचा दाणा अधिक गोलसर आणि चीर बरीचशी सरळ. वेगवेगळे दाणे आधी स्वतंत्र भाजून मग मिसळले असतील, तर त्यांच्या रंगांतही फरक दिसू शकतो. कच्चे असतानाच मिसळून भाजले असतील, तर तो कमी जाणवतो. मात्र रंग कमीजास्त दिसला म्हणून ते ब्लेंडच, असा निष्कर्ष काढू नये. इथिओपियाच्या एकाच लॉटमध्ये इतक्या निरनिराळ्या स्थानिक वाणांचे दाणे असतात की तेही भाजल्यावर एकसारखे दिसत नाहीत.

एक पेच मात्र डोळ्यांनी सुटत नाही: ब्लेंडच्या नावातच ठिकाण असेल तर काय? हवाई बेटांवरील कोना भागाची कॉफी महाग असते, आणि त्या राज्याच्या नियमानुसार ‘कोना ब्लेंड’मध्ये कोनाचे दाणे अनेक वर्षे किमान १० टक्के असले तरी चालत असत. उरलेल्या ९० टक्क्यांचे गाव ग्राहकाला नावावरून कळण्याची सोय नव्हती. अशा पाकिटावर ठळक अक्षरांतले नाव सोडून टक्केवारी कुठे छापली आहे, ते आधी पाहावे.