शेत मुलाच्या नावावर केलं म्हणजे सगळं संपलं का?

"एकदा बक्षीसपत्र केलं की आईबापांचा हक्क संपला," हे कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर भागात सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. मेख त्या अटीतच आहे. ती बक्षीसपत्रातच लिहून घ्या; नुसत्या तोंडी भरवशावर प्रकरणं अडकतात. मिळकत देणाऱ्याचं वय 60 हवं. अर्ज असिस्टंट कमिशनरांकडं (प्रांताधिकाऱ्यांकडं), निपाणीकरांनी चिक्कोडीला. दिवाणी दावा लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या वतीनं दुसरं कुणी किंवा संस्थाही पोटगीचा (सांभाळाच्या खर्चाचा) अर्ज करू शकते. निकालाविरुद्ध अपील 60 दिवसांत, डीसींकडं (जिल्हाधिकाऱ्यांकडं). मारहाण होत असेल तर मात्र आधी 112; पोलीस आणि असिस्टंट कमिशनर, दोन्ही वाटा एकदम चालतात. सल्ल्याला ज्येष्ठांची हेल्पलाईन 14567, फुकट.