शिवाजीनगर–स्वारगेट भुयारी मेट्रोमार्ग

पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गिकेचा पेठांखालून जाणारा, सुमारे ५ किमीचा भाग. साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्याला शिवाजी रस्त्यावरची कोंडी टाळून कोर्टात किंवा शिवाजीनगरला पोचायचे, तर हाच मार्ग सोयीचा. स्थानके पाच: शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. न्यायालयापर्यंतचा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी आणि पुढचा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला.

या मार्गाची खरी आखणी खोलीत आहे. न्यायालय आणि कसबा पेठ यांच्यामध्ये मुठा नदी आडवी येते. तिच्या तळाखाली पुरेसा खडक राखायचा, म्हणून न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल गेले. त्याच ठिकाणी वनाझ–रामवाडी मार्गिका मात्र खांबांवरून जाते.

जाण्या-येण्याचे बोगदे वेगळे आहेत. ते ‘मुळा’, ‘मुठा’ आणि ‘पवना’ या टीबीएम म्हणजे बोगदा खोदणाऱ्या यंत्रांनी खोदले. खोदाई २०२२ मध्ये संपली. यंत्र थोडे पुढे सरकले की काँक्रीटचे वक्र तुकडे बोल्टने जोडून बोगद्याचे गोल कडे बसवतात आणि कडे व खडक यांमधल्या फटीत लगेच ग्राउट म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण दाबतात. ही फट अर्धवट भरली, तर वरची जमीन खचते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंतींना एवढेही सोसत नाही.

साताऱ्यात विहीर खणणारे ज्यांना मुरूम, मांजऱ्या (त्याखालचा मऊसर खडक) आणि काळा पाषाण म्हणतात, तेच थर इथेही आहेत. निव्वळ काळ्या पाषाणात यंत्राच्या तोंडावरचे खडक फोडणारे कटर झिजतात, पण काम सरळ चालते. वर मऊ आणि खाली कठीण असा तोंडावर मिश्र थर आला, की त्रास सुरू. कटर प्रत्येक फेऱ्यात कठीण कडेवर आदळून फुटतात आणि मऊ बाजूची माती हवी त्यापेक्षा जास्त सुटते. पेठांतल्या बुजवलेल्या विहिरी आणि नोंद नसलेल्या बोअर हा आणखी एक धोका: समोरची माती रोखून धरणारा यंत्राचा दाब तिथून निसटतो. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला खोदताना पाण्याचे जुने भुयार लागले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेला स्वारगेट–कात्रज हा ५.४६ किमीचा विस्तारही भुयारीच आहे. तो झाल्यावर सातारकरांना कात्रजलाच उतरून मेट्रो धरता येईल.